राघो भोईरचे पत्र्याचे साचे

राघो भोईरचा दिवस पहाटे चारला सुरू होई. बाळकुमात तेव्हा कोणाकडे घड्याळ नव्हते. ही वेळ मी त्याच्या चालीवरून काढली आहे. ठाण्याच्या स्टेशनाजवळची आमची रंगशाळा, म्हणजे रेल्वेच्या पाट्या रंगवायचा कारखाना, सहाला उघडे आणि तो त्याआधी दारात असे. बाळकुमहून पायी यायला सव्वा तास. त्याच्याही आधी बायकोची टोपली आणि लाकडी फावडे घेऊन बांधावरून मिठागराच्या फाट्यापर्यंत जायचे, तिथे ते तिच्या हाती द्यायचे आणि मग ठाण्याची वाट धरायची. टोपली तिला जड होती असे नाही. ती दिवसभर त्याच टोपलीतून मीठ वाही. पण तेवढी वाट तरी तिचे डोके मोकळे राहावे, असे त्याला वाटे.

त्याच्या बायकोचे नाव मालन. थंडी सुरू झाल्यापासून पावसाचे ढग येईपर्यंत ती मिठागरात खपे. मिठाच्या पाण्यात दिवसभर उभे राहणाऱ्याच्या टाचा कशा होतात हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून कळणार नाही. भेगा पडतात, भेगांत मीठ जाते, आणि भेगा भरून यायच्या आत दुसरा दिवस उजाडतो. संध्याकाळी घरी गेल्यावर राघो कोकमाचे तेल दिव्यावर धरून पातळ करी आणि तिच्या टाचांत भरी. हे त्याने मला सांगितले नाही. एकदा शिमग्याला त्याच्या घरी गेलो होतो तेव्हा पाहिले. मी आहे म्हणून मालनने पाय आखडून घेतला. तो म्हणाला, "पाय दे गो. सुतारदादा लाकडाच्या बी भेगा भरतो, त्याला काय नवल."

ही गोष्ट अठराशे ऐंशीनंतरच्या तीन वर्षांतली. मी रंगशाळेत सुतार होतो. रेल्वेच्या पाट्यांच्या फळ्या रंधून द्यायचे काम माझे. राघो साचे धुवायच्या कामावर होता. साचा म्हणजे पातळ पत्रा, त्यात अक्षरे कापून काढलेली. पत्रा फळीवर धरायचा, वरून रंगाचा कुंचला ठोकायचा, पत्रा उचलला की खाली अक्षरे उमटलेली. रंग वाळायच्या आत साचा घासलेटने धुतला नाही तर अक्षरांच्या कडा बुजतात. राघोने आठ वर्षे साचे धुतले. त्या आठ वर्षांत एकाही साच्याची कड बुजली नाही. मी कडा तपासणारा माणूस आहे, म्हणून लिहितो.

आमचे मुख्य हसाजी नागावकर. हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, शनिवारी तेली म्हणतात त्यांपैकी. ठाण्यात त्यांची बरीच घरे होती. घरात बोली मराठी, पण हसाजी मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेले. शनिवारी ते कामाला हात लावत नसत, काही लिहीत नसत. त्याबदली रविवारी एकटे येऊन हिशेबाने काम पुरे करीत. पत्रा महाग म्हणून त्यांनी एक पद्धत घातली होती. लांब शब्दाचा अखंड साचा कापायचा नाही. शब्द जिथे जोडलेला असेल तिथे तोडायचा आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा पत्रा करून वेगळ्या खिळ्याला टांगायचा. लॅम्प एका खिळ्याला, रूम दुसऱ्या. लॅम्परूम लिहायचे असेल तर दोन्ही उतरवायचे. पार्सलरूम हवे असेल तर पार्सल आणि तोच रूम. त्रेचाळीस खिळे होते. त्यांतून किती पाट्या निघाल्या कोण जाणे.

राघोला अक्षर येत नव्हते. इंग्रजी नाही आणि बाळबोधही नाही. पण हातात ओला पत्रा दिला की डोळे मिटून तो कोणत्या खिळ्याचा ते सांगे.

एके दिवशी त्याने हसाजींना विचारले, "मिस्त्री, ह्यो पत्रा सगल्यांच्या मागं का जातो?"

तो मॅनचा पत्रा होता. लॅम्पमॅन, वॉचमॅन, सिग्नलमॅन, पॉइंट्समॅन. सगळ्यांच्या शेवटी तोच.

"मॅन म्हणजे माणूस," हसाजी म्हणाले. "पुढे लागते ते त्याचे काम."

"म्हंजे दिव्याचा माणूस, राखणीचा माणूस."

"बरोबर."

राघोने पत्रा उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "आमचं बी तसंच. देवघर म्हंजे घर. देव नाय. आनि मिठागर म्हंजे आगर. शेवटचा जो, तो खरा. पयला सांगतो कनचा."

हसाजींनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले. "हे तुला कोणी सांगितले?"

"कोनी नाय. धुताना दिसतं."

त्या दिवसापासून तो शिकू लागला. दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी. भाकरी आणि सुकट तो चार घासांत संपवी आणि उरलेला वेळ शब्दाला देई. रोज एक शब्द. दोन नाही. चुन्याची पूड फडक्यात बांधून तो पत्र्यावर आपटी, म्हणजे खाली जमिनीवर अक्षरे पांढरी उमटत. मग पत्रा बाजूला ठेवून बोटाने तीच अक्षरे शेजारी मातीत काढी. जुळली नाहीत तर पुसून पुन्हा. एका शब्दाला कधी वीस वेळा, कधी चाळीस. सुट्टी संपली की केरसुणीने सगळे साफ. मला त्याची केरसुणीही आवडे. तो ती थेट कोपऱ्यापासून ओढी, मधला केर लोटून मोकळा होत नसे.

जोडशब्द तीन तऱ्हेचे असतात हे त्याने मला दाखवले. काही एकजीव लिहितात. काहींच्या मध्ये आडवी रेघ असते. काही दोन तुकडे वेगळे लिहितात पण अर्थ एकच. मी म्हणालो, हे तर आमचेच काम झाले: सरसाने चिकटवलेले, खुंटी मारून जोडलेले, आणि नुसते शेजारी टेकवलेले. त्याला ते इतके पटले की पुढे तो तसेच बोले. "सुतारदादा, टिकेट आनि ऑफिस, टेकवलेलं हाय काय सरसाचं?" मला कुठे माहीत. मी हसाजींकडे बोट दाखवी.

रंगशाळेत दौलत म्हणून एक रंगारी होता. जुन्नरकडचा. गावात चार वर्षे शाळेत गेलेला, इंग्रजी अक्षरे वाचणारा, हात झपाट्याचा. माणूस वाईट नव्हता, पण जीभ मोकळी. चुना आपटताना राघोला बघून म्हणे, "भोईर मास्तर, भात लावताय का विंग्रजी पेरताय?"

राघो म्हणे, "पेरतो. उगवलं तर तुला बी घालीन दोन घास."

वैशाखात गुड्स-शेडमध्ये आंब्याच्या करंड्या येत. एका करंडीवर इंग्रजीत मँगो लिहिलेले. राघोने पहिली तीन अक्षरे ओळखली. मॅनचाच पत्रा. उरलेली दोन म्हणजे गो, ते त्याने गुड्सवरून आणि दौलतच्या सांगण्यावरून जुळवले. गो म्हणजे जाणे. तो धावत आत आला. "माणूस जातो असं लिवलंय करंडीवर. कुटं जातो?"

दौलत हसून हसून फळीवर बसला. फळी ओली होती. त्याच्या धोतरावर पाठीमागे अर्धे स्टेशनाचे नाव उमटले, तेव्हा हसायची पाळी आमची आली.

हसाजींनी राघोला जवळ बसवले. "तो आंबा आहे, राघो. ओळखीचा तुकडा दिसला म्हणून शब्द जोडलेला असतो असे नाही. दोन्ही तुकडे सुटे काढून बघ. दोन्ही आपापले जगले पाहिजेत. आणि जोडल्यावर दोघांचेही काम त्या वस्तूत दिसले पाहिजे. आंब्यात माणूस कुठे दिसतो?"

"करवंदात कर नाय आनि वंद बी नाय. तसं."

"तसे."

त्याने हे मनाला लावून घेतले. पुढचा महिनाभर त्याने नवा शब्द घेतला नाही. जुने त्रेचाळीस पत्रे पुन्हा काढून प्रत्येकाला ही परीक्षा लावली.

दुसऱ्या वर्षी चैत्रात हसाजींनी राघो आणि दौलत दोघांना समोर उभे केले. अक्षररंगाऱ्याची एक कायमची जागा निघाली होती. आजवर दौलत आणि राघो दोघेही रोजावर. काम असेल त्या दिवशी बोलावणे, नाहीतर घरी. हसाजी म्हणाले, "पावसाआधी एक नाव वर पाठवायचे आहे. तुमच्या दोघांपैकी एक. काम बघून ठरवीन."

त्या दिवशी राघो माझ्याजवळ बसून भाकरी खाताना एवढेच बोलला, "कायमचं झालं तर मालनला आगरातून काढीन. ह्या साली तिच्या उजव्या टाचेतून रगत थांबत नाय."

मी त्याला माझ्यातला कांदा दिला.

पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास कल्याणहून चिठ्ठी आली. सोमवारी मोठे साहेब कल्याणचे माल-यार्ड पाहायला येणार. तिथे नव्या कामाची पाटी हवी, संध्याकाळच्या गाडीने पाठवा. चिठ्ठीवर इंग्रजीत एकच शब्द होता: वेब्रिज (Weighbridge). सोबत फळीचे माप. फळी अरुंद. शब्द अकरा अक्षरांचा. एका ओळीत बसणे शक्य नाही. दोन ओळींत तोडायला हवा.

हसाजी घरी. त्यांच्या शनिवारात आम्ही कधी गेलो नव्हतो आणि जायचेही नव्हते. तो नियम कोणी भिंतीवर लिहिला नव्हता, पण सगळे पाळत. त्यांनीच एकदा सांगितले होते, "सहा दिवस मी तुमचा, सातवा माझ्या देवाचा."

चुकीच्या जागी तोडलेली पाटी म्हणजे काय, हे आम्ही पाहिले होते. आधीच्या एका रंगाऱ्याने एक शब्द भलत्या जागी तोडला, पाटी कल्याणहून परत आली आणि तो माणूस रुळांखालच्या स्लीपरांना डांबर फासायला गेला.

दौलतने चिठ्ठी वाचली. बोटांनी मोजले. "अकरा. वर सहा, खाली पाच. वर वेब, खाली रिज. छान बसतंय."

राघो चिठ्ठीकडे बघत राहिला. "ब्रिजचा पत्रा हाय आपल्याकं. खाडीच्या पुलाचा. सहा अक्षरांचा. तो अख्खा हितं दिसतो."

"अरे, रिज पण शब्द आहे. छपराची मोड. विचार सुतारदादाला."

मी म्हणालो, आहे. छपराच्या वरच्या कडेला साहेब लोक रिज म्हणतात. खोटे कसे बोलू.

राघो म्हणाला, "रिज जगतो. पन वर उरलं ते वेब, ते जगतं काय?"

दौलतने उलट विचारले, "बरं, तुझ्या ब्रिजच्या वर पाच अक्षरं उरतात. ती जगतात का?"

"म्हाईत नाय."

"रेल्वेतला वे असंल."

"तो तीन अक्षरांचा. ह्यो पाचांचा. पत्रा येगला."

"आणि ब्रिज म्हणजे पूल. यार्डात पूल? तिथं काय खाडी आलीय?" दौलतने कुंचला रंगात बुडवला. "राघो, संध्याकाळची गाडी थांबायची नाही. मी सहाला तोडतो. हसाजी विचारतील तर माझं नाव सांग."

राघोने फळीवर हात ठेवला. त्याचा आवाज चढला नाही. "दौलत, अर्धा तास दे. नाय सापडलं तर तू म्हणशील तितं तोडू."

दौलतने कुंचला बाजूला ठेवला. हे त्याचे मोठेपण.

त्या अर्ध्या तासात राघोने काय केले ते मी त्याच्याबरोबर जाऊन पाहिले. त्याने चिठ्ठीवरची पहिली पाच अक्षरे कोळशाने कागदाच्या तुकड्यावर उतरवली. दोनदा तपासली. तो तुकडा घेऊन स्टेशनभर फिरला. मालबाबू यादीत गुंतलेले, त्यांनी हातानेच "नंतर" म्हटले. राघोने मग विचारणे सोडले आणि बघायला लागला. प्रत्येक पाटी, प्रत्येक पेटी, इंजिनाच्या पाण्याची टाकी. तुकडा धरायचा, जुळवायचा, पुढे जायचे. गुड्स-शेडच्या कोपऱ्यात पोती तोलायचा लोखंडी काटा होता. त्याच्या दांडीवर विलायतेतली पितळी पट्टी होती आणि उठावाची अक्षरे. धूळ आणि पिठाने भरलेली. राघोने धोतराच्या सोग्याने ती पुसली. तुकडा खाली धरला. पाच अक्षरे तीच. त्यांच्या अलीकडे मोकळी जागा, पलीकडे मोकळी जागा.

"एकटा उभा हाय," तो म्हणाला.

त्याने बोट त्या अक्षरांवरून हळू फिरवले. मग काट्याच्या तव्यावर स्वतः चढून उभा राहिला. तवा थोडा दबला, दांडी हलली. तो खाली उतरला.

"ह्याचं एकच काम. तोलायचं. म्हंजे तो शब्द तोलायचाच. आनि ब्रिज तो ब्रिजच. तोलायचा पूल."

"पण पाणी नाही तिथे," मी म्हणालो.

"पुलाखालनं पाणी जातं, सुतारदादा. पन पूल पाण्यासाठी नसतो. वरनं जाणाऱ्यासाठी असतो. बैलगाडी वर चढंल, तोललं जाईल, उतरंल. असंच असणार." मग जरा थांबून, "नसलं तर मी डांबर फाशीन."

आम्ही परत आलो तेव्हा दौलतने फळीला काळ्या रंगाचा हात देऊन ठेवला होता. राघोचे ऐकून तो म्हणाला, "मला पटलं नाही. पण तू शोधून आलायस. मी नुसता मोजून बसलो होतो. तोड पाचाला."

पाच अक्षरांचा नवा पत्रा कापायचा होता. शिशाच्या ठोकळ्यावर पत्रा ठेवून छिन्नीने. अक्षरे गोल असली की छिन्नी घसरते. राघोने आजवर साचे धुतले होते, कापले नव्हते. दोनदा बोट कापले, फडके बांधले, पुढे चालू. एक अक्षर बिघडले, तो अख्खा पत्रा टाकला आणि पहिल्यापासून कापला. मी म्हणालो, जरा घासून चालेल. तो म्हणाला, "चालंल. दिसंल बी." चारला पत्रा झाला. ब्रिजचा खिळ्यावरून उतरवला. दौलतने रंग ठोकला, कारण त्याचा हात जास्त सारखा होता. ते राघोनेच त्याला सांगितले. पाटी गाडीत चढली तेव्हा रंग बोटाला लागत होता. गार्डच्या डब्यात ती उभी बांधली.

रविवारी राघो बाळकुमात होता. त्याने मालनला काही सांगितले नाही. तिला काहीतरी आहे हे कळले, कारण त्या दिवशी त्याने कोकमाचे तेल दोनदा पातळ केले. ती म्हणाली, "तुमी सकालीच लावलं. आज काय पायांचं लगीन हाय?"

सोमवार गेला. कल्याणहून काही आले नाही. मंगळवारीही नाही. बरोबर असलेल्या पाटीपुढे कोणी थांबत नाही, आणि तशी पाटी परत येत नाही. बुधवारी हसाजी कामासाठी स्वतः कल्याणला जाऊन आले. आल्यावर त्यांनी नव्या खिळ्याला टांगलेला पाच अक्षरांचा पत्रा उतरवून उजेडात धरला. कडा बघितल्या.

"हा कोणी कापला?"

"मी," राघो म्हणाला.

"आणि शब्द इथे तोडायचा हे कोणी ठरवले?"

राघो काही बोलायच्या आधी दौलत म्हणाला, "त्यानं. मी सहाला तोडणार होतो. वेब-रिज झालं असतं, मिस्त्री."

हसाजी राघोला म्हणाले, "सांग कसे ओळखलेस."

राघोने काट्याचे सांगितले, पट्टीचे, मोकळ्या जागेचे. पुलाचेही सांगितले. हसाजी ऐकत होते. मग म्हणाले, "मी आज त्या पुलावर उभा राहून आलो. जमिनीत बसवलेला लोखंडी तवा आहे. गाडी वर येते, तोलली जाते, उतरते. तू न बघता बरोबर सांगितलेस." त्यांनी पत्रा परत खिळ्याला अडकवला. "नाव तुझे पाठवतो. दौलत, तुझे पुढच्या जागेला."

"पाठवा," दौलत म्हणाला. "फक्त याला चुना आपटणं बंद करायला सांगा. माझ्या चहात पडतो."

पुढच्या साली दौलतला कल्याणला जागा मिळाली. ते खरे झाले म्हणून लिहिले.

राघोने त्या संध्याकाळी मालनला सांगितले. आगर सोड म्हणाला. ती लगेच सोडणार नव्हती. तिच्या वाट्याच्या कोंड्यांतले, म्हणजे मिठाच्या वाफ्यांतले, मीठ अजून ओढायचे होते. अर्धे मीठ पाण्यात टाकून घरी बसणे तिच्याने झाले नसते. तिने ते शेवटच्या टोपलीपर्यंत ओढले, पहिल्या सरीच्या आधी चार दिवस संपवले, आणि मगच फावडे मुकादमाला परत दिले. राघो तोपर्यंत रोज पहाटे तिची टोपली फाट्यापर्यंत नेत राहिला. मला वाटते ती दोघे एकाच मापाची होती.

पण घरी बसून करायचे काय, हा तिचा प्रश्न होता. "मी काय देवळातली समई हाय, एका जागी बसाया?" असे ती मला म्हणाली. मग दोघांनी ठरवले. राघोने कायमच्या नोकरीचा पगार पावसाळा आणि हिवाळाभर साठवला. माघात ती दोघे भिवंडीकडे गेली. मालनने तीन गोठे फिरून सात म्हशी पाहिल्या. प्रत्येकीच्या कासेला हात लावला, प्रत्येकीला चालवून पाहिले, आणि राघोला बोलू दिले नाही. खाडी उतरताना भरती थांबेपर्यंत ती काठावर बसून राहिली. मग होडीच्या मागे म्हैस पोहत आली. कासरा मालनने हातात धरला होता. पलीकडे उतरल्यावर राघोने कासरा मागितला, तो तिने दिला नाही.

राघो भोईरच्या पगारातून झालेली पहिली मोठी खरेदी ती. दुसऱ्या वेताची, एक शिंग खाली वळलेली, काळी म्हैस. ठाण्यात कोपरीच्या घरांना मालन तिचे दूध घालू लागली.